परदेशातील कायद्याचा वर्ग : पहिला धडा



कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी अमेरिकेत गेलो, तेव्हा प्राध्यापकांनी सांगावे आणि आपण उतरवून घ्यावे, एवढीच वर्गाची माझी कल्पना होती. इकडे महाविद्यालयात मी मागच्या बाकावर बसत असे. इंग्रजी चुकेल या भीतीने तोंड उघडत नसे. परीक्षेपूर्वी गाईड पाठ केले की भागत असे.

तेथे करार कायद्याच्या पहिल्याच तासाला 'हॉकिन्स विरुद्ध मॅक्गी' हा न्यू हॅम्पशायर राज्यातील १९२९ चा खटला होता. एका मुलाचा हात भाजून व्रण राहिला होता. 'शंभर टक्के चांगला हात करून देतो' असे डॉक्टरने सांगितले, छातीची त्वचा काढून तळहातावर लावली. पुढे तळहातावर केस उगवले. प्राध्यापकांनी आसनांचा तक्ता पाहून माझेच नाव घेतले आणि विचारले, "नुकसानभरपाई किती?"

मी भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७३ म्हणून दाखविले. ते म्हणाले, "नियम ठीक. पण फरक कोणत्या दोन हातांमधला?" मी गप्प झालो. शेजारच्या मुलीने भाजलेला हात आणि बिघडलेला हात यांतील फरक सांगितला. तेही चूक निघाले. पण कोणी हसले नाही. न्यायालयाचे उत्तर असे, की कबूल केलेला हात आणि प्रत्यक्षात मिळालेला हात यांच्या मूल्यातील फरक द्यावा. शस्त्रक्रियेच्या वेदनांचे वेगळे पैसे नाहीत, कारण चांगल्या हातासाठी त्या सोसण्यास मुलगा तयारच होता.

निवाडे वाचून प्रश्नोत्तरांतून कायदा शिकविण्याची ही पद्धत हार्वर्ड येथे लँगडेल यांनी १८७० पासून रुजविली. तिच्यात धाक आहे, वाचनही अफाट आहे. एका तासासाठी तीन-चार तास तयारी करावी लागे. मात्र पाठांतराने तेथे निभाव लागत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री परत यावेसे वाटले. तेव्हा बाबासाहेब आठवले. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. माझी अडचण तर एका उत्तराची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक निवाड्याची चार टिपणे करू लागलो : घटना काय, वादाचा प्रश्न कोणता, निर्णय काय, त्याची कारणे कोणती. तिसऱ्या आठवड्यात मी आपणहून हात वर केला. उत्तर अर्धेच बरोबर होते.

मित्रहो, यासाठी परदेशी जाण्याची वाट पाहू नका. आपल्या विहारातील अभ्यासिकेत पाच जणांनी दर रविवारी एकच निवाडा वाचावा व एकमेकांना 'का?' असे विचारावे. इंग्रजी चुकले तर चुकू द्यावे, मराठीत सांगावे. पण मागच्या बाकावर गप्प बसू नये.