जुना लॅपटॉप, फोर-के मॉनिटर

प्रश्न : २०१४ सालच्या लॅपटॉपला एचडीएमआय केबलने फोर-के मॉनिटर जोडल्यावर माउसचा बाण अडखळत सरकतो. मॉनिटर बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अडचण लॅपटॉपच्या जुन्या एचडीएमआय पोर्टची असते. फोर-के चित्रात ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. ते सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर सुमारे १२ गिगाबिट माहिती दर सेकंदाला पाठवावी लागते. त्या काळच्या एचडीएमआय १.४ पोर्टची प्रत्यक्ष क्षमता जेमतेम ८ गिगाबिट. म्हणून चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि हालचाल तुटक दिसते. महागडी केबल घेऊनही यात फरक पडत नाही.

लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट किंवा मिनी डिस्प्लेपोर्ट असल्यास तो वापरावा. त्याची १.२ आवृत्ती ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारे, फोर-के चित्र पेलते. मात्र ग्राफिक्स चिपलाही ते झेपायला हवे. त्यामुळे केबल खरेदीपूर्वी चिपचे कमाल रिझोल्यूशन निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहावे. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर असेल, तर ती १.२ करावी.

मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० देणारा ‘अ‍ॅक्टिव्ह’ अडॅप्टर लागतो. साधा, स्वस्त अडॅप्टर सहसा ३० हर्ट्झवरच अडतो. यूएसबीवर चालणारे डिस्प्ले अडॅप्टर चित्राची माहिती कॉम्प्रेस करून पाठवतात, त्याचा भार जुन्या प्रोसेसरवर पडतो.

यांपैकी काहीच शक्य नसल्यास रिझोल्यूशन २५६० × १४४० वर आणावे. तेवढे ६० हर्ट्झवर एचडीएमआय १.४ मधून सहसा जाते. अक्षरे किंचित मऊ दिसतात, पण रोजचे काम सुरळीत होते.