शिडी बाजेवर, काका शिडीवर

प्रश्न : पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायला आमचे काका वर चढतात. शिडी तोकडी, म्हणून ती बाजेवर उभी करतात. धरायला आम्ही दोघे पुतणे. पण रस्त्यावरून कुणी ‘काय चाललंय?’ म्हटलं, की उत्तर देताना आमचे हात सुटतात, काका वरून ओरडतात आणि गल्ली हसते. काकांना समजावायचं कसं?
– एक वाचक, नेकनूर (जि. बीड)

उत्तर : प्रसंग हसण्यासारखाच आहे, पण काका धडधाकट उतरले तरच. बाज आधी काढा. तिची वीण दबते, शिडी सरकते. पाया सपाट, टणक जमिनीवरच हवा.

भिंत 12 फूट उंच असेल, तर शिडीचा पाय भिंतीपासून 3 फूट दूर ठेवा आणि वरचं टोक माळवदाच्या 3 फूट वर येऊ द्या. म्हणजे शिडी साधारण 16 फुटी लागेल. पायाशी उभं राहून हात समोर सरळ पसरा. तळवे पायरीला टेकले, तर कल बरोबर.

शिडी वर दोरीने बांधा. मातीची पाटी दोरीनेच ओढा, चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. विजेच्या तारेजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच.

काकांना उपदेश करू नका. ‘काका, शिडी लावायची रीत आम्हाला शिकवा,’ म्हणा आणि मोजपट्टी त्यांच्याच हाती द्या. तुम्ही मात्र काका उतरेपर्यंत कुणालाही उत्तर देऊ नका!