जानोजी भोसले नेमके कोणाचे?

प्रश्न : पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधले सरदार भर लढाईत बाजू बदलायचे, असे वाचले. आपल्या वऱ्हाडात असे कोणी होते का?
– एक वाचक, रिसोड

उत्तर : होते की! तुमच्या वाशीमवर ज्यांचा अंमल चालला, ते नागपूरकर जानोजी भोसलेच घ्या.

1763 साली निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर यांनी जानोजींना गळ घातली : पेशव्यांना बाजूला सारू, साताऱ्याचा कारभार तुम्ही पाहा. जानोजी निजामाला मिळाले आणि त्यांच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. मग पेशव्यांचे काका राघोबादादा यांच्याकडून आतून निरोप आला, 32 लाखांचा मुलूख देतो. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेला, निम्मी फौज अलीकडे राहिली, नदीला पूर. नेमक्या त्याच वेळी शिपायांचा पगार थकल्याची सबब सांगून जानोजी आपली छावणी घेऊन बाजूला झाले. विठ्ठल सुंदर लढाईत पडले. जानोजींना मुलूख मिळाला, पण अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी त्यांची कानउघाडणीही केली. एकाला जाळून दुसऱ्याला बुडवणारा तिसऱ्याला काय तारणार, हे त्यांनी तेव्हाच हेरले असावे.

1766 मध्ये पेशवे आणि निजाम एक होऊन जानोजींवर चालून आले. 32 पैकी 24 लाखांचा मुलूख गेला, त्यातला 15 लाखांचा निजामाच्या पदरात पडला! तरी जानोजींनी काही धडा घेतला नाही. राघोबा पुतण्या माधवरावांशी भांडले तेव्हा हे राघोबांच्या बाजूने. मग माधवरावांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या, नागपूर जळाले. जानोजी हुलकावण्या देत पुण्याच्या रोखाने धावले, पण शेवटी मार्च 1769 मध्ये कनकापूरचा तह करावा लागला. उरलेला आठ लाखांचा मुलूख परत, दरसाल पाच लाख एक रुपया खंडणी, बोलावतील तेव्हा फौजेनिशी हजर, परदरबाराशी परस्पर बोलणे बंद. शिवाय वाशीम आणि बाळापूर इथे विणलेले पाच हजार रुपयांचे कापड दरवर्षी पेशव्यांना द्यायचे. धन्याच्या राजकारणाचा भुर्दंड असा थेट तुमच्याकडच्या मागांवर येऊन पडला.

जानोजींना सरसकट फितूर म्हणायला मात्र मी तयार नाही. त्यांचे सेनासाहेबसुभा हे पद साताऱ्याच्या छत्रपतींचे; पेशवेही त्याच धन्याचे चाकर. मग पुण्याचे ऐकायचे कशासाठी? त्यात वऱ्हाडात दुअंमल : वसुलात निजामाचाही वाटा, भोसल्यांचाही. निजामाशी वाकडे घेतले की घोडी पहिल्यांदा इथल्याच शेतांत शिरणार. निजामाला जाऊन मिळणे मला समजते. राक्षसभुवनची सबब नाही समजत. तो निव्वळ सौदा होता.

तुम्ही म्हणता त्या इंग्लंडमध्ये सर विल्यम स्टॅन्ली यांनी 1485 साली बॉस्वर्थच्या मैदानावर ऐन वेळी तिसऱ्या रिचर्डवर घोडी घातली आणि हेन्री ट्यूडरला राज्य मिळवून दिले. दहा वर्षांनी त्याच हेन्रीने, गादीवर हक्क सांगणाऱ्या एका तोतयाशी संधान बांधल्याबद्दल, त्यांचे डोके उडवले. जानोजी मात्र 1772 पर्यंत आपल्या पदावर राहिले. त्यांच्यामागे भाऊ मुधोजी आणि साबाजी त्या पदासाठी भिडले, आणि 1775 मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले.