राजदंडाची मर्यादा

देवघर, दुकान आणि माजघर ह्या तीन स्थानांत गृहस्थाचे बहुतेक आयुष्य व्यतीत होते. देवघरात तो उपासना करतो, दुकानात अगर शेतात उपजीविका मिळवितो आणि माजघरात कुटुंबासह संसार करतो. ह्या तिन्ही स्थानांच्या उंबरठ्यावर एक चौथी शक्ती सदैव उभी असते. ती म्हणजे राज्यसत्ता. तिने उंबरठा केव्हा ओलांडावा आणि केव्हा बाहेरच थांबावे, हा प्रश्न केवळ मंत्र्यांचा वा न्यायाधीशांचा नव्हे. लोकशाहीत प्रत्येक मतदार हा अंशतः राज्यकर्ताच असतो. यास्तव ह्या प्रश्नाचा विचार करणे हे गृहस्थाच्या स्वधर्मातच मोडते.

ह्या बाबतीत सामान्य मनुष्याचे वर्तन मोठे विसंगत आढळते. दुसऱ्याच्या दुकानातील वजने तपासली जावीत असे त्याला वाटते. परंतु निरीक्षक आपल्या दुकानात आला की तो त्यास जाच म्हणतो. शेजाऱ्याच्या उत्सवातील वाद्यांचा गोंगाट सरकारने बंद करावा अशी त्याची इच्छा असते. मात्र स्वतःच्या मिरवणुकीला वेळेचे बंधन घातले की धर्मावर घाला आला असे तो मानतो. घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे, असा हा व्यवहार आहे. सर्वांना सारखे लागू पडेल असे एकच माप सापडते काय, ते पाहिले पाहिजे.

दंडाचे सामर्थ्य आणि त्याची सीमा

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगितल्या आहेत. त्यांत दमन करणाऱ्यांच्या हातचा दंड हीही एक विभूती गणली आहे. तेव्हा दंड ही त्याज्य वस्तू आहे, राज्यसत्ता ही मुळातच अमंगळ आहे, असे मानण्यास आधार नाही. दंड नसेल तर बलवान दुर्बलाला गिळून टाकील.

परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरी एक गोष्ट आढळते, आणि तिच्याकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. अठराव्या अध्यायात सर्व उपदेश संपल्यावर भगवंत अर्जुनाला आज्ञा करीत नाहीत. सांगितले ते पूर्णपणे विचारात घे आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असा त्या वचनाचा भाव आहे. ज्याच्या इच्छेने विश्व चालते, त्यानेही समोरच्या जिवाची बुद्धी बळाने वळविली नाही. मग ज्यांची बुद्धी मर्यादित आणि अधिकाराची मुदत त्याहूनही मर्यादित, त्या मानवी राज्यकर्त्यांनी तो हक्क कोठून आणावा?

सम्राट अशोकाला हे सत्य राज्य करता करता उमगले. त्याचा सातवा स्तंभलेख राज्याभिषेकानंतर 27 वर्षांनी कोरला गेला. तो ज्या स्तंभावर आहे, तो स्तंभ फिरोजशहा तुघलकाने टोपरा येथून हलविला आणि आज तो दिल्लीत फिरोजशहा कोटल्यात उभा आहे. प्रजेत धर्माची वाढ दोन उपायांनी झाली, असे अशोक तेथे सांगतो. एक उपाय नियमांचा, आणि दुसरा उपाय मन वळविण्याचा. काही प्राण्यांची हत्या त्याने नियमाने बंद केली होती. तरीही नियमांचे फळ अल्प आणि मन वळविण्याचे फळ अधिक, असा स्वतःचा अनुभव त्याने नमूद केला आहे. एवढ्या विस्तीर्ण साम्राज्याच्या अधिपतीने आज्ञेचे दुबळेपण स्वतःच कोरून ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे.

तात्पर्य, दंड बाह्य कृतीला आवर घालू शकतो. अंतःकरणात सद्गुण उत्पन्न करू शकत नाही. ही सीमा ध्यानात ठेवून तिन्ही स्थानांचे क्रमाने निरीक्षण करावे.

देवघर

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाने 25 व्या व 26 व्या अनुच्छेदांत उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या मर्यादेत दिले आहे. धर्मसंस्थेच्या ऐहिक व आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभाही राज्याला ठेवली आहे. मग उपासना कोठे संपते आणि व्यवहार कोठे सुरू होतो?

हा प्रश्न उडुपीच्या आठ मठांपैकी एक असलेल्या शिरूर मठाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मठावर कर्ज झाले होते आणि मद्रास राज्याच्या 1951 च्या कायद्याने देवस्थानांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले होते. 1954 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. धर्माचे आवश्यक अंग कोणते हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे, आणि अशा विधींत बाहेरच्या अधिकाऱ्याने ढवळाढवळ करू नये, असे न्यायालयाने म्हटले. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याने नियंत्रित करता येतो, हेही त्याने मान्य केले. अधिकाऱ्यांनी संस्थेच्या कोणत्याही भागात अनिर्बंध प्रवेश करावा, ही तरतूद न्यायालयाने अवैध ठरविली; कारण त्या प्रवेशातून गर्भगृहही सुटत नव्हते. देवस्थानांकडून घेतली जाणारी वार्षिक रक्कम हे सेवेचे शुल्क नसून कर आहे, असे ठरवून तीही तरतूद रद्द केली.

राज्याचा हात देवळाच्या पेटीत शिरण्याचा धोका आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कोश रिता झाला असता देवताध्यक्षाने देवस्थानांचे धन एकत्र करून राजाकडे आणावे, असा उपाय सांगितला आहे. एखादी देवता एका रात्रीत प्रकट झाल्याचा बनाव करून यात्रेचे उत्पन्न मिळविण्याची युक्तीही तेथेच आहे. राज्यकारभाराचा एवढा मर्मज्ञ ग्रंथकार असे लिहितो, तेव्हा भक्तांनी दिलेले धन भक्तांच्या हेतूसाठीच लागते की नाही, ह्याबद्दल जागरूक राहणे हे गृहस्थाचे कर्तव्य ठरते. ही जागरूकता अधिकाऱ्याइतकीच पुजारी व विश्वस्त ह्यांच्याबाबतही हवी. हिशेब चोख ठेवणाऱ्या विश्वस्ताला तपासणीचे भय वाटण्याचे कारण नसते.

मात्र दुसरी बाजू विसरून चालणार नाही. त्रावणकोर संस्थानात वैकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचीदेखील कित्येक हिंदूंना बंदी होती. त्यासाठी 1924–25 मध्ये सत्याग्रह करावा लागला. पुढे 12 नोव्हेंबर 1936 रोजी महाराज चित्तिर तिरुनाल बलराम वर्मा ह्यांनी घोषणा करून राज्याच्या ताब्यातील देवळांची द्वारे सर्व हिंदूंना उघडली. स्वतंत्र भारताच्या संविधानाने 17 व्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. येथे राज्याने देवघरात अतिक्रमण केले काय? नाही. मनुष्याने मनुष्याला देवापासून बळाने अडविले होते. राज्याने ते बळ दूर केले. परंतु खेदाने म्हणावे लागते की हे कार्य राजाज्ञेची वाट न पाहता भाविकांनीच करावयास हवे होते. धर्माने आपले कर्तव्य केले नाही, म्हणून दंडाला यावे लागले.

दुकान

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव 'कंटकशोधन' असे आहे. प्रजेच्या पायात रुतणारे काटे शोधून काढणे हा त्याचा विषय. त्यात चोर-दरोडेखोर पुढे येतात. आरंभी विचार केला आहे तो लबाड कारागीर आणि लबाड व्यापारी ह्यांचा. वजने-मापे तपासावीत, भेसळीला शासन करावे, स्वदेशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 एवढाच नफा घ्यावा, असे नियम तेथे आढळतात. बाजारावर दृष्टी ठेवण्याची कल्पना परकीयांकडून आली, हा समज खरा नव्हे.

परंतु दृष्टी ठेवणे निराळे आणि ग्राहकाची इच्छाच आपल्या ताब्यात घेणे निराळे. ह्याचे उत्तम उदाहरण सोन्याच्या व्यवहारात मिळते. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर देशापुढे परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची चोरटी आयात थांबत नव्हती. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण-नियंत्रणाचे नियम आले. 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. हेतू राष्ट्रहिताचा होता. संकटही खोटे नव्हते. परंतु भारतीय स्त्रीच्या मनात सोने ही केवळ हौस नसते. ते तिचे स्त्रीधन आणि अडीअडचणीचा आधार असतो. तिचे मन नियमाने बदलले नाही. पिढ्यान्पिढ्या प्रामाणिकपणे भट्टी चालविणाऱ्या असंख्य सुवर्णकारांची रोजी मात्र गेली, आणि व्यवहार अंधारात चालू राहिला. 14 कॅरटची अट पुढे मागे घ्यावी लागली. 1968 मध्ये स्वतंत्र कायदा होऊन खाजगी व्यक्तीने सोन्याच्या लगडी बाळगणे निषिद्ध ठरले. तो कायदाही अखेर 1990 मध्ये रद्द झाला.

त्याच सोन्याबाबत राज्याने पुढे दुसरा मार्ग धरला. 2000 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने दागिन्यांच्या शुद्धतेवर हॉलमार्कची मुद्रा उमटविण्याची योजना सुरू केली आणि 16 जून 2021 पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. 22 कॅरटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो. त्याचा अर्थ, हजार भागांत 916 भाग शुद्ध सोने. गृहिणीने सोने घ्यावे की न घ्यावे, ह्याविषयी ही मुद्रा काहीच सांगत नाही. विकणारा जे सांगतो ते खरे आहे, एवढेच ती सांगते.

ह्या दोन मार्गांतील भेदच बाजारातील राज्यधर्म स्पष्ट करतो. पहिल्या मार्गाने राज्याने इच्छेवर स्वामित्व गाजवू पाहिले. दुसऱ्याने सत्याची राखण केली. ग्राहकाला स्वतः पाहता येत नाही असे असत्य पकडणे, दुष्काळात धान्य दडविणाऱ्याचे कोठार उघडणे, भुकेल्याच्या मुखी घास पोहोचविणे, ही राज्याची कर्तव्ये आहेत. कोणी काय विकत घ्यावे, कोणता धंदा करावा, हे ठरविण्याचा भार मात्र त्याने स्वतःवर घेऊ नये. तो त्याला पेलत नाही.

माजघर

माजघराचा उंबरठा सर्वांत नाजूक. उत्तर प्रदेशात संशयित म्हणून नोंद झालेल्या मनुष्याच्या घरी पोलिसांनी रात्री जाऊन दार ठोठावण्याचा नियम होता. खडक सिंग ह्यांच्या प्रकरणात डिसेंबर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. परंतु खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क संविधानात आहे, हे बहुमताने मान्य केले नाही. ती उणीव 24 ऑगस्ट 2017 रोजी भरून निघाली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मनुष्य काय खातो, काय वाचतो, कोणाशी विवाह करतो, ह्या गोष्टी चव्हाट्यावर आणण्याचा राज्याला सहजासहजी अधिकार नाही.

तथापि माजघराचा पडदा अन्याय झाकण्यासाठी नसतो. सुनेला मारहाण करणारा 'हा आमचा घरगुती प्रश्न आहे' असे म्हणू लागला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे कारण नाही. कारण घर जितके त्याचे तितकेच तिचेही आहे. बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1929 मध्ये, हुंडाबंदीचा 1961 मध्ये आणि कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 मध्ये झाला. हे कायदे योग्यच आहेत. परंतु हुंडाबंदीचा कायदा होऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी ती चाल नष्ट झालेली नाही. 'मागणी' हा शब्द गेला आणि 'मुलीच्या हौसेने जे द्याल ते' हा शब्द आला. मनातील लोभाला कायद्याची अक्षरे चुकविण्याची वाट नेहमीच सापडते. वराच्या पित्याने आपल्या लोभाला स्वतःच नकार दिला, तरच ती वाट बंद होते; दुसऱ्या कोणालाही ती बंद करता येत नाही.

एकच माप

वरील विवेचनावरून गृहस्थाने तीन प्रश्न नित्य जवळ ठेवावेत. अमुक गोष्ट सरकारने बंद करावी किंवा सक्तीची करावी, असे मनात येईल तेव्हा ते स्वतःला विचारावेत.

पहिला: ह्या कृतीने, स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या कोणाची हानी होते काय? होत असेल तर दंडाने पुढे यावे. मग ती कृती देवळात घडो, बाजारात घडो वा घरात.

दुसरा: मागितलेला नियम कृतीला आवर घालतो, की श्रद्धा आणि आवड बदलू पाहतो? दुसरे असेल तर तो नियम दंभ आणि चोरटेपणा वाढविल्याशिवाय राहणार नाही.

तिसरा: आज सत्ता आपल्या मताच्या लोकांकडे आहे, उद्या विरुद्ध मताच्या लोकांकडे गेली आणि हाच नियम आपल्यावर लागू झाला, तर तो न्याय्य वाटेल काय? जो नियम उलट दिशेने सोसवत नाही, तो मागूही नये. आपल्या उपमेने दुसऱ्याचे सुखदुःख जाणणे हे गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योग्याचे लक्षण सांगितले आहे. नागरिकत्वाचेही ते लक्षण व्हावयास हवे.

कोणी म्हणेल, राज्याने सद्गुण शिकवू नयेत तर ते शिकवावे कोणी? हे काम आईबापांचे आहे, गुरूंचे आहे, संतांचे आहे. आणि त्याहून अधिक, रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या शेजाऱ्याच्या उदाहरणाचे आहे. ही माणसे आपले काम सोडतात तेव्हाच समाज सरकारकडे धाव घेतो, आणि सरकार एकेक उंबरठा ओलांडून आत येते. सत्तेने मर्यादेत राहावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने निरीक्षक येण्यापूर्वी आपला तराजू स्वतः तपासावा, न्यायालयाने सांगण्यापूर्वी देवळाचे दार उघडावे आणि कायद्याचे भय नसतानाही सुनेला लेकीप्रमाणे वागवावे. जेवढे शासन मनुष्य स्वतःवर चालवितो, तेवढे बाहेरचे शासन त्याला कमी लागते.