तलावाचे पाणी आणि रुग्णालयाचा ताळेबंद : एक अभ्यास



खाटा, शस्त्रक्रिया, देणग्या आणि खर्च यांचे तपशील दरवर्षी अहवालातून आपणापुढे ठेवण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. ते तपशील या अहवालात अन्यत्र दिलेच आहेत. या लेखात मात्र अशा एका खर्चाविषयी लिहावयाचे आहे, जो आमच्या हिशेबवहीत आजवर कोणत्याही शीर्षाखाली दिसत नव्हता. हा खर्च सांडपाण्याचा आहे. तो वेळीच न केल्यामुळे त्याचा भार रुग्णांवर पडत होता. त्यात आमच्या रुग्णालयाचाही वाटा होता, हे प्रारंभीच नमूद करणे आम्हांस उचित वाटते.

१. आपला प्रदेश आणि त्याचे पाणी

भंडारा व १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. शेजारच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा मोठा भागही याच तलावपट्ट्यात मोडतो. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणत्यांनी जमिनीचा उतार पाहून मातीच्या पाळी बांधल्या आणि पावसाचे पाणी अडविले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय ही त्यांच्या कौशल्याची साक्ष आहे. वरच्या तलावाचे अधिक झालेले पाणी खालच्या तलावात, तेथून बोडीत आणि बोडीतून धानाच्या बांधीत जावे, अशी ही साखळी होती. या पाण्यावर धान पिकले, ढिवर समाजाला मासोळी व शिंगाडा मिळाला आणि गुरांची तहान भागली.

१९५१ साली मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा' तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. गावकऱ्यांचे निस्तार हक्क, शासनाची पाणीपट्टी आणि दुरुस्तीची जबाबदारी यांविषयीचे वाद दीर्घकाळ चालले. पाळी खचल्या, गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. त्याच काळात गावे वाढली, नळ आले आणि नळाबरोबर सांडपाणीही वाढले. ज्या उतारावरून पूर्वी केवळ पावसाचे पाणी तलावात येत असे, त्याच उतारावरून आता गटारे येऊ लागली. पूर्वजांनी पाण्यासाठी साधलेला उतार आज घाणीची वाट झाला आहे, ही आपल्या भागाच्या आरोग्यप्रश्नातील मूळ गोष्ट आहे.

२. कोणता रोग कोणत्या पाण्याचा

'दूषित पाण्याने रोग होतात' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परंतु उपाय योजावयाचा तर तेवढ्याने भागत नाही. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी समजावून दिल्याप्रमाणे पाण्याशी निगडित रोगांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला गट पोटात जाणाऱ्या पाण्याचा. हगवण, पटकी, विषमज्वर आणि कावीळ हे यातील रोग मलमूत्र पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने होतात. त्यांपैकी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. विषाणू शरीरात गेल्यानंतर रोग दिसण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा फुटलेली जलवाहिनी कदाचित दुरुस्तही झालेली असते आणि दोष कोठे होता हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या संदर्भात दिल्लीचा अनुभव बोधप्रद आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेने पात्र बदलल्याने नाल्याचे सांडपाणी वजिराबाद जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविली. परिणामी विषमज्वराची साथ आली नाही. परंतु सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. औषध टाकून पाणी शुद्ध करणे आवश्यकच आहे. तथापि घाण पाण्यापासून दूर ठेवण्यास तो पर्याय होऊ शकत नाही.

दुसरा गट डासांचा. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. डासांचे सर्व रोग तलावामुळे होतात असे अनेकांस वाटते. वस्तुतः डेंग्यूचा डास घरातील टाक्या, कूलर व टायर यांतील साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या हत्तीरोगाचा क्युलेक्स डास प्रामुख्याने गटारे, सेप्टिक टँक व तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. मासे असलेल्या व पाणी खेळते असलेल्या स्वच्छ तलावात त्याचे फारसे काही चालत नाही, कारण मासे त्याच्या अळ्या खातात. सांडपाण्याने तलावाचा काठ कुजला, वनस्पती माजल्या आणि पाण्यातील प्राणवायू घटून मासे मेले, की तोच तलाव डासांना सोयीचा होतो. सबब दोष तलावाचा नसून त्यात येणाऱ्या नाल्याचा आहे.

तिसरा गट पाणी पुरेसे न मिळाल्याने होणाऱ्या रोगांचा. त्वचेचे व डोळ्यांचे विकार, चिघळलेल्या जखमा हे यातील रोग. या गटाकडे आमचेही दुर्लक्ष झाले होते. ते कसे ध्यानात आले, ते पुढे सांगत आहोत.

३. एका मावशींचा प्रश्न

हत्तीरोगाचे जंतू शरीरात अनेक वर्षे राहतात आणि सूज पुष्कळदा फार उशिरा दिसते. वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या सामुदायिक औषधोपचाराने रक्तातील सूक्ष्म जंतू नष्ट होतात व प्रसार थांबतो. म्हणूनच लक्षणे नसतानाही त्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करता येते. परंतु एकदा जाडावलेला पाय औषधाने पूर्ववत होत नाही. त्यावर खरा उपचार साधाच आहे. पाय रोज साबणाने व स्वच्छ पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांना मलम लावणे आणि बसताना पाय उंचावर ठेवणे. एवढे नियमित केले तर थंडीतापाचे वारंवार येणारे झटके पुष्कळ कमी होतात.

तलावावर मासोळीचा व्यवसाय करणाऱ्या एक मावशी अशाच झटक्यांमुळे एका वर्षात आमच्याकडे वारंवार दाखल होत होत्या. घरी जाताना परिचारिकेने नेहमीप्रमाणे पाय धुण्याची रीत समजावून दिली. तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "पाय धुवा म्हणता जी, पण धुवू कोण्या पाण्यानं? नळ दोन दिसांआड येते. घाटावर नाल्याचं पाणी हाय. अन्‌ तो नाला तुमच्याच दवाखान्यामागून येते."

ही गोष्ट परिचारिकेने आमच्या कानावर घातली. आमचा पहिला विचार, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, तो नाकारण्याचाच होता. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या वर्गवारीने कचरा वेगळा होतो, तो ४८ तासांच्या आत उचलला जातो व नोंदवह्या पूर्ण असतात. कागदोपत्री सारे व्यवस्थित होते. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख परिचारिका, नळकाम करणारे कारागीर आणि आम्ही अशी मंडळी रुग्णालयामागून तलावाच्या घाटापर्यंत नाल्याच्या काठाने चालत गेलो.

४. नाल्याच्या काठाने

तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. पहिली, आमच्या सेप्टिक टँकमधील गाळ दीर्घकाळ उपसलेला नव्हता. पावसाळ्यात टाकी भरून वाहत असे आणि ते पाणी जुन्या जोडणीतून थेट पावसाच्या नालीत जात असे. दुसरी, धुलाईघर व स्वयंपाकघर यांचे साबणाचे व तेलकट पाणी त्याच नालीत सोडलेले होते. तिसरी, नातेवाइकांच्या विसावा शेडमागे प्लास्टिकच्या पिशव्या व उष्टे अन्न टाकले जात होते आणि त्यामुळे नाली तुंबून तेथे डासांच्या अळ्या उघड्या डोळ्यांना दिसत होत्या.

नाल्यात येणारी सर्व घाण आमची नव्हती. वाटेत अनेक घरांचे व दुकानांचे पाणी त्यास मिळते. परंतु जे रुग्णालय पाय धुण्याचा सल्ला देते, तेच त्या पायांखालचे पाणी नासवीत होते. उपचाराची रक्कम आम्ही धर्मादाय खात्यात खर्ची टाकली, देणगीदारांचे आभारही मानले. मात्र त्या रोगास हातभार लावणारे आपले देणे ताळेबंदात कोठेच दाखविले नाही. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसास ही चूक अधिक बोचते.

५. काय केले, काय चुकले, काय राहिले

विश्वस्त मंडळापुढे हा विषय जसाच्या तसा ठेवला. मंडळाच्या संमतीने सेप्टिक टँक उपसून घेतला आणि पावसाच्या नालीस असलेली जोडणी कायमची बंद केली. प्रयोगशाळेतील द्रव निर्जंतुक केल्याखेरीज बाहेर सोडू नयेत, या नियमाची दैनंदिन तपासणी सुरू केली. विसावा शेडजवळ ओल्या व सुक्या कचऱ्यासाठी वेगळे डबे ठेवले.

धुलाईघर व स्वयंपाकघर यांच्या पाण्यासाठी खडी व वाळू भरलेला वनस्पतींचा वाफा तयार केला. त्यात कर्दळ व पाणकणीस लावले आहे. या वनस्पतींच्या मुळांशी असलेले सूक्ष्मजीव पाण्यातील घाण खातात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 'फायटोरिड' या नावाने हीच पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने विकसित केलेली आहे. आमचा वाफा साधा आहे आणि तो पहिल्याच पावसाळ्यात तुंबला. तेल व भाताची शिते अडविणारी जाळीची टाकी अगोदर बांधावयास हवी होती. ती काटकसर आमच्याच सूचनेवरून झाली होती. वाफा उकरून पुन्हा भरावा लागला व खर्च वाढला. आता टाकी बांधली असून ती आठवड्यातून एकदा स्वच्छ केली जाते.

वॉर्डांतील सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करणारी यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नाही. या कामाने रुग्णसंख्या घटली असा दावा आम्ही करीत नाही. हत्तीरोगासारख्या संथ रोगात तसा निष्कर्ष काढण्यास अनेक वर्षे जावी लागतील.

६. घरोघरी करता येण्याजोगे

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काही गोष्टी येथे नमूद करतो.

न्हाणी व मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मधोमध छिद्रे असलेली टाकी व भोवती दगड-खडी एवढ्यात तो होतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघड्या गटारांपासून सुटका करून घेतली व डासांना आळा घातला. मात्र आपल्या तलावपट्ट्यात पावसाळ्यात भूजल फार वर येते. जेथे खड्ड्यातच पाणी लागते तेथे तो उपयोगी पडत नाही. तेथे परसबाग किंवा वनस्पतींचा वाफा बरा. शोषखड्डा विहीर वा हातपंपापासून किमान पंधरा मीटर दूर असावा आणि त्यात शौचालयाचे पाणी सोडू नये.

शौचालयास दोन खड्डे असावेत. एक भरल्यावर दुसरा वापरावा. पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते. सेप्टिक टँक असल्यास त्याच्या वायुनलिकेस जाळी बांधावी, अन्यथा डास तेथूनच बाहेर पडतात.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे 'ओटी' परीक्षणाने काही क्षणांत समजते. ग्रामपंचायतीकडे ते करण्याचा आग्रह धरावा. ब्लीचिंग पावडरचे पोते उघडे राहिले तर तिची शक्ती उडून जाते, हेही पाहावे.

हे सारे फार क्षुल्लक वाटेल. परंतु नारू या रोगाचे स्मरण करावे. १९८४ साली देशात त्याचे सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. त्यावर ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि रुग्णास पाण्यात उतरू न देणे, अशा साध्या उपायांनी तो गेला. १९९६ नंतर देशात रुग्ण आढळला नाही व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

७. विनंती

आपण दिलेल्या देणग्यांतून खाटा आल्या, यंत्रे आली, शस्त्रक्रियागृह उभे राहिले. त्यांवर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आहेत व त्या असाव्यातच. सांडपाण्याच्या नळावर पाटी लावता येत नाही आणि उद्घाटनास पाहुणे बोलावता येत नाहीत. तरीही या वर्षापासून 'जल व स्वच्छता निधी' हे स्वतंत्र शीर्ष हिशेबात उघडण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती दिली आहे. वॉर्डांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा हे त्याचे पहिले काम राहील. या निधीचा जमाखर्च, त्यातील चुकांसह, दरवर्षी आपणापुढे ठेवू.

मावशींच्या घरी झाकणाची टाकी व नळाची तोटी बसवून दिली आहे. त्या आता पाय रोज धुतात. घाटावरचे पाणी मात्र अद्याप स्वच्छ झालेले नाही. ते होईपर्यंत त्यांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर अपुरेच राहील, याची जाणीव ठेवून आपल्या सहकार्याची नम्र अपेक्षा करीत आहोत.