आधी मीटर, मग आयरन

बाबू, गिटार दुरुस्तीचं हे टेबल आता तू सांभाळणार, म्हणून सांगतो. "काका, पिकअप बदलून द्या" म्हणत कोणी गिटार घेऊन आला की लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलू नको. आधी विचार, काहून बदलायचा? "आवाज पातळ येतो" किंवा "नुसती घूं घूं करते", यांपैकी एक उत्तर येईल. या दोन्ही दुखण्यांवर नवा पिकअप हा फार शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी जॅक, पॉट, केबल, पिकअपची उंची आणि गिऱ्हाइकाच्या घरातला कूलर यांची चौकशी करायची असते.

हसू नको. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेची सात-आठ हजार वेटोळी. गिटारच्या तारेची हालचाल त्याला कळते, तशीच शेजारच्या मोटरची, चोकवाल्या ट्यूबलाइटची आणि पंख्याच्या रेग्युलेटरचीही कळते. आपल्या नागपुरात मार्च ते जून पोरं कूलरसमोर बसूनच वाजवणार. त्याला सांग, कूलर बंद कर, गिटार हातात धरून जागेवर गोल फिर. एका दिशेला घूं कमी झाली तर पिकअप ठणठणीत आहे, बसायची जागा बदल म्हणावं. ही घूं मारायला गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 साली दोन कॉइल उलटसुलट जोडून, त्यांना चुंबकाचे उलट ध्रुव देऊन हंबकर काढला. तारेचा आवाज दोन्ही कॉइलमध्ये जोडला जातो, बाहेरची घूं एकमेकींना मारते. पण हंबकर लावला की सिंगल कॉइलचा तो काचेसारखा टणत्कार गेला, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. नंतर भांडण नको.

आता मीटर. गिटार उघडायचीच नाही. जॅकमध्ये केबल घाल, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण वर, स्विच एकाच पिकअपवर, मीटर 20 किलोओहमवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही काड्या लाव. सिंगल कॉइल असेल तर 6 च्या आसपास, साधा हंबकर असेल तर 7 ते 9, जोरकस हंबकर असेल तर 14-16 सुद्धा दाखवेल. आकडा आला म्हणजे कॉइल जिवंत आहे. मीटरने हातच टेकले तर एखादा सोल्डरचा डाग सुटलाय किंवा कॉइल तुटली आहे. केबल हलवल्यावर आकडा नाचायला लागला तर जॅक ढिला. असल्या गिटारला नवा पिकअप लावून काय फायदा?

एक गंमत लक्षात ठेव. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो, दर अंशाला साधारण 0.39 टक्के. जो पिकअप 20 अंशाला 7.0 दाखवतो तो आपल्याकडे मे महिन्यात 42 अंशाच्या खोलीत 7.6 दाखवणार. डब्यावरच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून माल खोटा ठरवू नको.

आवाज पातळ असेल तर उंची बघ. तार शेवटच्या पडद्यावर दाब आणि पिकअपपासूनचं अंतर मोज. सिंगल कॉइलला जाड तारेखाली 2 मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड-पावणेदोन, इथून सुरुवात कर आणि पुढचं कानावर सोड. फार वर घेतलास तर चुंबक तारेलाच ओढतो. मग सहावी तार वरच्या पडद्यांवर सुरात लागत नाही, आणि गिऱ्हाईक बिचारा खुंट्या बदलत बसतो.

हे सगळं करून पिकअप बदलायचाच ठरला, तर विकत घेण्याआधी पट्टी लाव. ब्रिजजवळ पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर 50 मिलिमीटरच्या आत-बाहेर आहे की 52-53, ते बघ. हंबकर या दोन मापांत येतात. व्हॉल्यूम-टोनचे पॉटही बघ. सिंगल कॉइलला 250 के, हंबकरला 500 के, आणि आशियाई पॉटवर आकड्याआधी किंवा नंतर ए लिहिलेला असावा. बाजारात बी पटकन मिळतो, तो सरळ चढाचा असतो. व्हॉल्यूमला लावला तर सगळा फरक पहिल्याच वळणात पडून जातो. आणि जुनी नॉब नव्या पॉटवर बसेलच असं नाही. दांड्याचे दाते कुठे 18 तर कुठे 24. जोर लावून बसवशील तर नॉब फुटेल.

रंगांवर विश्वास ठेवू नको. चार तारांच्या हंबकरमध्ये सिमोर डंकन कंपनीची काळी तार सिग्नलची. पांढरी-लाल एकत्र जोडून टेप मारायची. हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमध्ये मात्र लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. एकाचा रंग दुसऱ्याला लावलास तर हंबकर हंबकर राहत नाही. चिनी मालाला कागद नसतो, तिथे काट्याचं जुनं मीटर काढ. ते फेकू नको म्हणून मी कितीदा म्हटलं ते यासाठीच. काड्या कॉइलला लाव आणि स्क्रू-ड्रायव्हरचं लोखंडी टोक पिकअपच्या खांबांवर टेकव. काटा एका बाजूला उडी मारतो. गिटारमधल्या सगळ्या पिकअपचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. उलटा उडणाऱ्याच्या दोन तारा अदलाबदल कर, नाहीतर दोन पिकअप एकत्र लावले की आवाज नाकातून निघेल. फक्त धातूचं कव्हर असलेला पिकअप असेल तर कव्हरची अर्थ आधी वेगळी काढ, नाहीतर कव्हरलाच सिग्नल जाईल.

काही कापण्याआधी फोटो काढ आणि कागदावर चित्रही काढ. फोटोत तार कुठे वळते ते दिसतं, कुठे जाते ते दिसत नाही. गिटारच्या अंगावर सुती कापड पसर. दुकानाखाली अख्खा कापडाचा ठोक बाजार आहे, कटपीसला तोटा नाही, पण टेरिकॉट आणू नको. आयरनवरून सोल्डरचा थेंब पडला की ते वितळून पॉलिशला चिकटतं. आणि डाग देताना कूलर बंद. घाम येऊ दे. वाऱ्याने टोक थंड होतं, डाग घट्ट होता होता तार हलते, आणि वर चकचकीत दिसायच्या ऐवजी करडा, दाणेदार डाग बसतो. तोच ड्राय सोल्डर. आज वाजतो, लग्नाच्या स्टेजवर बंद पडतो.

पिकअपच्या बारीक तारांना 25 वॉटचं आयरन पुरे. पॉटच्या पाठीला मात्र ते कमी पडतं. लोखंडी पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते, पोरं मिनिटभर आयरन दाबून धरतात आणि आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. पाठ पॉलिश पेपरने घास, 40-60 वॉटचं आयरन घे, आधी पाठीवर थोडं सोल्डर चढव, मग तार ठेवून तीन-चार सेकंदांत हात काढ. साठ-चाळीसच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. हात धुतल्याशिवाय समोशाला हात लावायचा नाही.

मिरवणुकीच्या बेंजोतही हाच चुंबक आणि हीच कॉइल असते, म्हणून बेंजोवाले आले तर परत पाठवू नको. पण मारबतीची मिरवणूक निघाली की दोन-चार दिवसांत गणपती बसतात. तेव्हा सगळ्यांनाच उद्या पाहिजे असतं. त्या गर्दीत पिकअपचं काम घेऊ नको, जॅक-पॉट साफ करून दे. गिटार परत देताना सांग, उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. कॉइलमध्ये मेण भरलेलं असतं. ते मऊ होऊन सरकलं की मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारायला लागतो.

शेवटचं काम अर्थचं. ब्रिजखालून येणारी एक तार पॉटच्या पाठीला गेलेली असते. ती कुठे सुटली नाही ना, बघ. ब्रिजला मीटरची एक काडी आणि जॅकच्या बाहेरच्या भागाला दुसरी, शून्याच्या जवळ आकडा आला पाहिजे. या तारेमुळे वाजवणाऱ्याचं बोट तारेवर पडलं की घूं कमी होते. पण याच तारेमुळे गिटारच्या तारा थेट अँपच्या पत्र्याला जोडल्या जातात. अँपची अर्थ नसेल आणि पत्र्यात करंट उतरला, तर वाजवणाऱ्याचा हात गिटारवर आणि ओठ माइकला लागतील तेव्हा तो करंट त्याच्या अंगातून जाईल. मंडपातलं वायरिंग कसं असतं ते तू पाहिलंच आहे. प्रत्येक वाजवणाऱ्याला सांग, वाजवण्याआधी गिटारच्या तारेला आणि माइकच्या जाळीला टेस्टर लाव; दिवा लागला तर हात काढ आणि लाइटवाल्याला बोलाव. आणि घूं बंद व्हावी म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन कापून मागणारा येईल, नेहमीचा गिऱ्हाईक असला तरी त्याला सरळ नाही म्हण. तो दुसऱ्या दुकानात गेला तर जाऊ दे.