धर्मादाय रुग्णालय म्हणजे काय?
दवाखाना म्हटलं की आपल्याला सरकारी आणि खाजगी हे दोनच प्रकार आठवतात. तिसरा प्रकार आहे धर्मादाय रुग्णालय. आपल्या कोल्हापूरजवळ मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन रुग्णालय हे त्याचं जुनं उदाहरण.

अशी रुग्णालयं ट्रस्ट चालवतो. इथेही बिल होतं. पण उरलेला पैसा कुणी वाटून घेत नाही, तो रुग्णसेवेसाठीच वापरला जातो.

महाराष्ट्रात २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. ही माहिती घरी नक्की सांगा. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि रुग्णाला भरती करतानाच विचारा. हा आपला हक्क आहे, लाजायचं कशाला?